पाणी बदलले : होय

१

सहा मिनिटं म्हणजे नेमकी किती, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंची सहा मिनिटं म्हणजे दूध वर येईपर्यंतचा वेळ. नवऱ्याची म्हणजे अर्धा तास. तिची मात्र तीनशे साठ सेकंदांची, एक इकडे नाही की तिकडे. लग्नाला चार महिने झाले होते आणि पाहुण्यांत ती 'अबोल सून' म्हणून प्रसिद्ध होती. अबोल वगैरे काही नव्हती. मोजत असायची.

औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेच्या तळघरात ती कामाला होती. खोलीत एक काचेचं उंच, गोल भांडं. त्यात पंचवीस अंशांचं पाणी, पाण्यात एक पांढरा उंदीर. काच गुळगुळीत, तळाला पाय पोचत नाहीत. उंदीर आधी जिवाच्या आकांताने पोहतो, कडेकडेने फिरतो, काचेवर पंजे मारतो. मग कधीतरी थांबतो आणि नाक तेवढं पाण्यावर ठेवून तरंगत राहतो. तो थांबला की हातातल्या घड्याळाचं बटण दाबायचं, हलला की पुन्हा दाबायचं. पहिली दोन मिनिटं धरायची नाहीत, तेव्हा सगळेच हलतात. पुढच्या चार मिनिटांत जो जास्त वेळ थांबला तो जास्त खचलेला. औषध दिल्यावर तो कमी थांबला, तर औषध चांगलं. माणसाच्या उदासीवरचं औषध शोधायची ही रीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली होती, पण पगार वेळेवर होत असे.

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. वरच्या मजल्यावर मुख्य डॉक्टरबाई बसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: थांबला म्हणजे हरला. पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या काकांना ते पटत नसे. तीस वर्षं उंदरांत काढलेला माणूस.

"हरला कसला," ते एकदा म्हणाले. "एकदा पाण्यातून काढलेला उंदीर दुसऱ्या खेपेला लवकर थांबतो, बघितलंस ना? त्याला भरवसा आलेला असतो. म्हणतो, उगाच हातपाय कशाला मारू, सहा मिनिटांनी निळा टॉवेल येणारच आहे."

सहा मिनिटं झाली की मागून हात घालून, मागच्या पायांना तळव्याचा आधार देऊन उंदराला उचलायचं आणि निळ्या टॉवेलात गुंडाळायचं, हे तिला काकांनीच शिकवलं. आणखी एक नियम शिकवला. एका उंदराचं पाणी दुसऱ्याला वापरायचं नाही. घाबरलेला प्राणी पाण्यात काहीतरी सोडून जातो. आपल्या नाकाला ते कळत नाही, पुढच्या उंदराला कळतं. म्हणून दर वेळी भांडं ओतायचं, धुवायचं, नवं पाणी पंचवीस अंशांवर आणायचं आणि तक्त्यात खूण करायची. रकान्याचं नाव होतं, 'पाणी बदलले : होय / नाही'. 'नाही'वर खूण केलेला तक्ता तिनं तीन वर्षांत पाहिला नव्हता. करेलच कोण?

२

घरी नवऱ्याची मोठी बहीण असे, ताई. दोन वर्षांपूर्वी त्या सासरहून परत आल्या. का आल्या, हे कुणी बोलत नव्हतं आणि नव्या सुनेनं विचारायचं नसतं. मागच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची होती, तीत त्या बसून असत. चहा नेऊन ठेवला तर थंड होई. खुर्चीतून दिसणार काय, तर समोरच्या इमारतीचे पाइप.

चहाचा कप उचलायला गेली की ती दारात उभी राही, आणि उभ्या उभ्या तिचा अंगठा आपोआप दाबला जाई. मग तिला भान यायचं. शरमेनं कप घेऊन ती निघून जाई. पण आकडा डोक्यात राहायचाच: चारपैकी साडेतीन मिनिटं. उंदराचे इतके आले असते तर डॉक्टरबाईंनी लाल शाईत लिहिले असते.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून सासूबाईंच्या माहेरची काचेची बरणी फुटली होती. सासूबाई स्वयंपाकघरात यायच्या आत मागच्या खोलीतून ताई उठून आल्या, तुकड्यांशेजारी उभ्या राहिल्या, "माझ्या हातून पडली," म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या. त्या महिन्यात त्या आपणहून उठल्या अशी ती एकच वेळ.

त्या उपकाराची भीड घेऊन तिनं एकदा विचारलं, "ताई, बसून बसून कंटाळा नाही येत?"

ताईंनी मान वळवली. चेहरा शांत होता. "वेळ झाली की उठेन गं," त्या म्हणाल्या. "बसू दे."

३

त्या मंगळवारी बारा उंदीर होते. सहा झाले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि सासूबाईंचा फोन आला. लग्नाला न आलेले मामेसासरे आणि मामी पाचला यायचे होते, खास सून बघायला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघ बाई, जमलं तर ये." चार महिन्यांत ती एवढं शिकली होती, की 'जमलं तर' म्हणजे जमवायचंच.

तिनं हिशेब केला. पोहायला सहा मिनिटं. पाणी ओतणं, भांडं धुणं, नवं पाणी कोमट करणं यांत पंधरा. सहा उंदीर म्हणजे दोन तास. काका रजेवर होते. खोलीत ती, छताचा कॅमेरा आणि सहा पिंजरे.

सातव्याला नवं पाणी दिलं. सातव्याचंच आठव्याला चाललं. पाणी स्वच्छ तर दिसत होतं. आठव्याचं नवव्याला. आपण काही कुणाच्या तोंडचं पाणी पळवत नाही आहोत, अशी तिनं मनाशी कोटीही केली. दहावा पाण्याला टेकताक्षणी ताठ झाला आणि मग जवळजवळ सहाही मिनिटं पोहत राहिला. अकरावा तसाच. बारावा तर एकदाही थांबला नाही. काचेला चिकटून, एकाच दिशेनं, हनुवटी वर ताणून तो फिरत राहिला. तिच्या हातातलं घड्याळ शून्यावरच राहिलं. उचलला तेव्हा हवेतही त्याचे पाय चालू होते.

सहा रकान्यांत तिनं 'होय'वर खूण केली. एक खरी, पाच खोट्या. पाचला पाच कमी असताना ती घरात होती. मामेसासऱ्यांनी सूनबाई काय काम करते ते विचारलं. उंदरांना पोहायला शिकवते, असं नवऱ्यानं सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. ती पण हसली. पाणी द्यायला उठली तेव्हा ताई खुर्चीतून तिच्याकडे बघत होत्या, एवढं तिला आठवतं.

४

कोणत्या उंदराला औषध आणि कोणत्याला नुसतं मीठपाणी, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसतं. ते पाकिटात बंद असतं. महिन्याभरानं पाकीट उघडलं. शेवटचे पाचही औषधवाले निघाले. चिठ्ठ्या टाकूनच क्रम लावलेला होता. कुणी मुद्दाम लावला असता तर इतका चोख लागला नसता. त्या पाचांनी सगळी सरासरी ओढून नेली. वर केक कापला. डॉक्टरबाईंनी पहिला तुकडा घड्याळबाईंच्या हातावर ठेवला.

ते औषध म्हणजे मुळात सांधेदुखीची गोळी, माणसांच्या पोटात वर्षानुवर्षं जाणारी. मनासाठीही चालते का, एवढंच पाहायचं होतं. त्यामुळे माणसांवरची चाचणी लवकर उभी राहिली. चाळीस माणसं, सहा आठवडे. वीसजणांना खरी गोळी, वीसजणांना नुसती पांढरी.

बातमी नवऱ्यानं घरी सांगितली. सासूबाई त्या रात्री तिच्याशेजारी येऊन बसल्या. एरवी त्या बोलत तेव्हा हात काहीतरी निवडत असत. त्या दिवशी हात रिकामे होते. आपल्या लेकीला त्यांत घालता येईल का, असं त्यांनी विचारलं. सुनेपुढे मान खाली घालून विचारलं. "तुझ्या हातची गोष्ट आहे म्हणे ती. तू बघितलंयस ना डोळ्यांनी, गुण येतो ते?"

आता सांगावं, असं तिला वाटलं. वाक्य जिभेवर होतं, पाचच शब्दांचं. पण त्या वाक्यामागे नोकरी होती, डॉक्टरबाईंचा चेहरा होता, मामेसासऱ्यांची संध्याकाळ होती, आणि 'जमलं तर ये' म्हणालेली हीच बाई होती. शिवाय, ती मनाशी म्हणाली, पाणी न बदलल्यानं औषध वाईट थोडंच ठरतं? गुण आला नाही तर नाही आला. झाकली मूठ.

तिनं मान डोलावली.

५

ताईंना गोळी सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्या मंगळवारचं चित्रण काढून बघितलं. काही शोधायचं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, एवढंच.

पहिल्या अकरा उंदरांत विशेष नव्हतं. उंदीर उचलला की पाणी डचमळायचं आणि दहाबारा सेकंदांत निवायचं. बाराव्या वेळी ती तक्ता भरून, पर्स घेऊन घाईनं निघून गेली होती. भांडं तसंच राहिलं आणि वरचा कॅमेराही चालू राहिला. पडद्यावर नुसतं पाणी.

ते निवत नव्हतं. मधोमध सपाट होतं, आरशासारखं. हलत होती ती कड. काचेला लागून एक लहानशी लाट फिरत होती, एकाच दिशेनं, एका वेगानं. पुढे टोक आणि मागे फाटत जाणारी दोन शेपटं, पोहणाऱ्याच्या मागे उठतात तशी.

शेजारी शीतकपाट आहे, त्याच्या मोटरचा हादरा असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग आधीची अकरा चित्रणं पुन्हा लावली. शीतकपाट त्यांतही होतं.

लाट किती वेळ फिरली ते तिनं मोजलं. न मोजणं तिला जमलं नसतं. चित्रण संपलं तेव्हा घड्याळावर बावीस मिनिटं झाली होती आणि लाट फिरतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी तिनंच मोरीत ओतलं होतं. तेव्हा त्यात काही हललं का, हे तिला आठवेना.

६

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात ताई खुर्चीतून उठल्या.

घरात आनंदीआनंद. आधी त्या खोलीत येरझारा घालू लागल्या. मग सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चालत, जेवताना उभ्या राहून जेवत, दुपारी पडत नसत. सासूबाईंनी सगळ्या नात्यागोत्याला फोन केले. माझी पोर हलती झाली हो, सूनबाईचा पायगुण. एका फोनवर त्यांना रडूच फुटलं. ती तेव्हा कपडे वाळत घालत होती. ओला सदरा हातात घेऊन ती किती वेळ उभी होती, ते तिला कळलं नाही.

कारण रोज ती ताईंच्या दारात उभी राहून पाहत होती आणि तिला दिसत होतं ते निराळं होतं. ताई खोलीच्या मध्यातून कधीच जात नसत. खाट, कपाट, खिडकी, दार: भिंतीभिंतीनं, एकाच दिशेनं. डावा हात भिंतीवरून सरकत असे. हनुवटी किंचित वर. आणि चेहऱ्यावरची ती शांती, जिला ती इतके दिवस लाल शाईतला आकडा समजत होती, ती गेली होती.

भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक ओली रेघ आली होती. चारही भिंतींवर, सरळ, पातळी लावून ओढल्यासारखी. ओल आलीय, सासूबाई म्हणाल्या, प्लंबरला सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात ती कमरेशी होती. प्लंबर आला, भिंती ठोकून गेला. ह्या भिंतींत पाइपच नाही, म्हणाला. येण्याजाण्याचे पैसे घेतले नाहीत, हे तिला नंतर चमत्कारिक वाटलं.

तिनं ताईंना एकटं गाठलं. गाठलं म्हणजे बरोबरीनं चालू लागली. "ताई, ती गोळी बंद करा. माझं ऐका. ती गोळी… मी नीट मोजलं नव्हतं."

ताई चालतच होत्या. "थांबले तर?" त्यांनी विचारलं.

विचारण्यात राग नव्हता. ते पोहणाऱ्यानं विचारल्यासारखं होतं, श्वास राखून, तोकडं. तिनं खाली पाहिलं. ताईंच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

७

पाचव्या आठवड्याच्या तपासणीला ताईंना घेऊन तीच गेली. तपासणीकेंद्राची बाहेरची खोली मोठी होती, मधे चार रांगा खुर्च्या. मधल्या रांगा रिकाम्या. वीसेक माणसं खुर्च्या भिंतीला ओढून घेऊन बसली होती, पाय वर घेऊन. आणि त्यांच्या पुढून उरलेली माणसं फिरत होती. एक शाळामास्तर वाटणारा म्हातारा, कडेवर मूल असल्यासारखा हात वाकवलेली एक बाई, इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण. एकामागून एक, एकाच दिशेनं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या हनुवट्या वर.

ताईंचा हात तिच्या हातातून सुटला आणि त्या रांगेत मिसळल्या. जागा त्यांच्यासाठी ठेवल्यासारखी होती.

तिनं मोजलं. वीस. कुणाच्या पाकिटात काय आहे, हे कळायला तिला पाकीट फोडावं लागणार नव्हतं. खुर्चीतल्या एका बाई तिच्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "ह्यांना बरं वाटायला लागलंय म्हणे. आम्हांला कधी वाटणार?"

सोमवारी ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मंगळवार, पाच उंदीर, पाच खुणा. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"हे बघ, चूक झाली. होते. पण आता आपल्याकडे माणसं आहेत ना? माणसांचे आकडे बघ. वीसच्या वीस हलते झालेत. इतका गुण मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. पाच उंदरांसाठी हे मोडायचं?" मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "उलट आम्ही मुदत वाढवतोय. आणखी सहा आठवडे."

"पण सहा झाले की काढायचं असतं," ती म्हणाली.

"काय काढायचं असतं?"

ती तळघरात उतरली. काका पिंजरे धूत होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी नळ बंद केला. तिनं एवढंच विचारलं, की सहा मिनिटांनी काढलं नाही तर किती वेळ पोहतो उंदीर.

"भरवसा असलेला बराच वेळ टिकतो. तरंगतो ना, दम राखतो." काकांनी हात पुसले. "घाबरलेला नाही टिकत. थांबायला धजत नाही, त्यातच जातो." जरा वेळानं त्यांनी विचारलं, "पाणी कुणाचं होतं?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कदाचित त्या बुधवारपासूनच, ती ते भांडं ओतत असताना मोरीपाशी आल्यापासून.

"माझं," ती म्हणाली. खुंटीवरचा निळा टॉवेल काढून तिनं पर्समध्ये कोंबला आणि निघाली. रस्त्यात तिला एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत होती: खिडकीजवळची खुर्ची, थंड झालेला चहा, आणि वेळ झाली की उठेन म्हणणारा तो शांत चेहरा. दोन वर्षं ताई तरंगत होत्या. कुणीतरी काढील म्हणून दम राखून.

८

घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. सासूबाई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आज तर नुसती धावतेय, त्या कौतुकानं म्हणाल्या, दार लावून घेतलंय.

दाराआडून पावलं ऐकू येत होती, चवड्यांची, पटपट, आणि मधूनमधून भिंतीवर नखं घासल्याचा आवाज. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. फक्त तो काचेवरचा असे.

तिनं दार उघडलं. खोली कोरडी होती. खाटेवर ऊन पडलं होतं, चादर चुरगळलेली, खुर्ची खिडकीशी जिथल्या तिथे. भिंतीवरची ओली रेघ ताईंच्या वरच्या ओठाशी आली होती. ताई चवड्यांवर उंच होऊन, मान मागे टाकून, कडेकडेनं फिरत होत्या. नाकानं श्वास घेत होत्या, तोंड घट्ट मिटलेलं. तिच्यासमोरून गेल्या तेव्हा नजर तिच्यावरून नुसती सरकली. काचेपलीकडच्या माणसावरून उंदराची सरकते तशी.

समोरून धरायचं नसतं. ती थांबली, फेरा पूर्ण होऊ दिला, मग मागून दोन्ही हात ताईंच्या काखेखाली घातले.

"ताई," ती म्हणाली, "वेळ झाली."

क्षणभर सगळं अंग तिच्या हातांत धडपडलं. पाय हवेत चालत राहिले. ताई किरकोळ बांध्याच्या होत्या, पण तिला त्या उचलवेनात. भिजलेली गोधडी पाण्यातून ओढावी तसं ओझं लागलं. तिनं दात आवळून ओढलं. कुठेतरी काहीतरी सुटलं, एक लांब श्वास घशातून आत गेला, आणि ताईंच्या टाचा जमिनीला टेकल्या. दोघी भिंतीशी खाली बसल्या. तिनं टॉवेल ताईंभोवती गुंडाळला, खांद्यावरून, डोक्यावरून, आणि चोळत राहिली. कपडे कोरडे होते. केस कोरडे होते. टॉवेल मात्र जड होत गेला, आणि त्याच्या टोकातून थेंब पडू लागले.

सासूबाई दारात आल्या. "अगं, हे काय? चांगली हिंडत होती की पोर. बसवलीस कशाला?"

तिनं वर पाहिलं नाही. "आई, मी पाणी बदललं नव्हतं," ती म्हणाली. सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण सुनेचा आवाज असा त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्या पुढे आल्या आणि लेकीचे पाय हातांत घेतले. पाय बर्फासारखे होते.

ताईंची हनुवटी हळूहळू खाली आली. पुष्कळ वेळ त्यांचे दात वाजत होते. मग त्यांनी टॉवेलातून तोंड बाहेर काढलं आणि तिच्याकडे पाहिलं. फुटलेल्या बरणीच्या दिवशी पाहिलं होतं तसंच, ओळखीनं.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

ती उठली, मोरीत गेली आणि बादलीवर टॉवेल पिळला. पाणी पडलं, डचमळलं, मधोमध सपाट झालं आणि कडेकडेनं फिरू लागलं. एक लाट नव्हती. तिनं मोजल्या. पुढेमागे, अंतर राखून, एकोणीस. त्यांची नावं तिला माहीत नव्हती. चाचणीच्या तक्त्यात फक्त क्रमांक होते.

ते पाणी तिनं ओतलं नाही. पिळलेला टॉवेल खांद्यावर टाकला आणि चपला घालू लागली. मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, काळजीचा, ही थांबलीय गं, अगदी थांबलीय, हिला परत काही झालं का म्हणून.

"नाही आई," ती दारातून म्हणाली. "थांबू द्या त्यांना."